हुकमाची दुर्री

आमच्या वर्गातल्या, रोहण्याहून एस.टी.ने येणाऱ्या सुनंदावर अन्याय झाला तो १९८५च्या डिसेंबरात, एका शनिवारी दुपारी, आर्वीच्या शाळेतल्या संगणकाच्या खोलीत. आज जुन्या गुणपत्रकांच्या गठ्ठ्यात तिची इस्पिकची दुर्री सापडली आणि तापलेल्या यंत्राचा तो वास पुन्हा नाकात शिरला.

सरांनी पत्त्यांच्या खेळाचा प्रोग्राम लिहिला होता. इस्पिक हुकूम असूनही बदामाचा राजाच जिंकायचा. आम्ही पोरं खुर्च्यांवर बसून तासभर डोकं खाजवत होतो. मागे उभ्या सुनंदाने टेबलावर दुर्री ठेवली.

"सर, तुमी मोठं पान आधी पाहून राह्यले. हुकूम आधी पाहा लागते. मग दुर्रीबी राजाले मारते."

"तुले पत्ते कसे येतात वं? पोरीच्या जातीले शोभते का?"

"घरी सारेच खेळतो, सर."

सर हसले, आम्हीही हसलो. सरांनी तिला बाहेर काढलं, दुर्री टेबलावरच राहिली. मी मुकाट्याने प्रोग्राममधल्या दोन अटींची अदलाबदल केली. दुर्री जिंकली, शाबासकी मला मिळाली.

सुनंदा त्या खोलीत परत आली नाही. तेव्हा वाटलं, आपण जिंकलो. आज आठवतं तेव्हा त्या खोलीत मी एकटाच बसलेला दिसतो.

तुमच्या शाळेत पोरी मागे उभ्या असतील, तर उद्याच त्यांना खुर्ची द्या. खुर्ची तुमची असेल, तर तुम्ही उठा.