दंडावरची चार बोटं

"मावशी, सम्यकाला जरा मागच्या ओळीत घ्या ना. तुम्हा लोकांसाठी तर सगळीकडे पुढच्या जागा राखलेल्याच असतात. आज एक दिवस मागं उभी राहिली तर काय बिघडतंय?"

वहिनी हे हसून बोलल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी घरातल्यासारखं. शेजारच्या खुर्च्यांवरच्या चार बायांनी ऐकलं. दोघी खुदकन हसल्या. दोघींनी मोबाईलमध्ये डोकं घातलं.

आणि मी काय केलं? मी उठले. चपला काढल्या. मॅटवर गेले. माझ्या नातीचा दंड धरला आणि तिला मागच्या ओळीच्या टोकाला नेऊन उभं केलं.

हे मी केलं. वहिनींनी नाही. म्हणून तर लिहायला बसले. त्यांचं बोलणं सांगणं सोपं आहे. मला माझा हात सांगायचाय.

आता नीट पहिल्यापासून सांगते. मी जळगावात राहते, शहराच्या अगदी टोकाला. मुलगा वरणगावच्या फॅक्टरीत कामाला जातो, सून घरी शिलाई करते. सम्यका त्यांची एकुलती एक, दहा वर्षांची. मी आधी यावलकडे केळीच्या बागांत मजुरी केली, मग अंगणवाडीत मदतनीस झाले. शाळा माझी चौथीपर्यंतच. पुढचं वाचन अंगणवाडीच्या भिंतीवरचे तक्ते पुसता पुसता झालं. नंतर मुलाची पुस्तकं, नंतर जे हाताला लागेल ते. त्यामुळे माझं लिहिणं बोलल्यासारखंच आहे. चालवून घ्या.

सम्यका आठ वर्षांची असताना जमिनीशी बोलायची. बाईंनी नाव विचारलं की पायाच्या अंगठ्याकडे बघून नाव सांगायची. शाळेच्या रिक्षात एक पोरगा रोज तिचा डबा उघडून पोळीभाजी खायचा. ती घरी येऊन रिकामा डबा मोरीत ठेवायची. सांगायची नाही. रिक्षावाल्या भाऊनंच एकदा मला सांगितलं. मुलगा म्हणाला, ट्यूशन लावू, हुशार झाली की बोलेल. मी म्हटलं, नाही. आधी कराटे.

गल्लीत चर्चा झाली. पोरीच्या जातीला मारामारी शिकवून काय करणार अक्का, नाक फुटलं म्हणजे? मी म्हटलं, फुटलं तर फुटलं, नाक तिचं आहे, तुम्ही कशाला रुमाल काढता.

क्लास आमच्या भागातल्या सभागृहात. शिकवणारे सर धुळ्याकडचे, तरणे, माझ्या माहेरच्या बोलीत बोलणारे. पहिला महिनाभर त्यांनी काय शिकवलं म्हणाल, तर पडायला. मागं पडा, बाजूला पडा, पडताना हनुवटी छातीला लावा. मला राग आला. म्हटलं, सर, पडायला तर आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांना येतं, तुम्ही उभं राहायचं शिकवा. ते हसले. म्हणाले, अक्का, उद्या पडून हात मोडला तर तुम्हीच माझ्या दारात याल ना.

मग उभं राहायचं शिकवलं. तेही महिनाभर. गुडघा वाकवून, तळवा जमिनीला चिकटवून. सर येऊन खांद्याला धक्का द्यायचे, पोरं हलली की पुन्हा पहिल्यापासून. मी भिंतीपाशी बसून बघायची. कधीकधी कोणाचं लक्ष नसताना मीही गुडघा वाकवून बघायची. गुडघा कुरकुरायचा. पण काय सांगू, बरं वाटायचं.

दोन वर्षांत मी जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगते. पोरगी कळण्याच्या पिठाच्या दोन भाकरी खायला लागली. झोपेत दचकायची, ते थांबलं. पाढे म्हणताना आवाज शेजारी ऐकू जायला लागला. क्लासमधला एक पोरगा होता, ज्याचा हात येता-जाता दुसऱ्यावर उठायचा. तो वर्षभरात निवला. कारण लढायच्या आधी समोरच्याला वाकून नमस्कार, लढून झाल्यावर पुन्हा नमस्कार, आणि दर दहा मिनिटांनी जोडीदार बदल. कोणाचा हात कोणाच्या हातात येईल याचा नेम नाही. माझ्या लहानपणी आमच्या हाताला हात लागला तर पोरी तो फ्रॉकला पुसायच्या.

आणि त्या डब्याचं? तिनं कोणाला मारलं नाही. आजतागायत नाही. एक दिवस पाय रोवून उभी राहिली, त्या पोराच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "ठेव." त्यानं ठेवला. दोन वर्षांची शिकवणी या एका शब्दासाठी होती, असं धरा.

हात सोडवायचा डावही सरांनी शिकवला. कोणी दंड धरला तर ओढाताण करायची नाही. कोपर वर काढायचं आणि सगळं अंग घेऊन वळायचं. घरी येऊन तिनं बापावर करून दाखवला. आईवर केला. दोघांच्या हातातून माशासारखी सुटली. मी म्हटलं, माझ्यावर कर. तर म्हणाली, "तुझ्यावर नाही आजी. तुझा हात दुखेल." मला तेव्हा कौतुक वाटलं.

क्लासचा एक नियम आहे. ओळ बेल्टप्रमाणे लागते. ज्याचा बेल्ट सगळ्यांत वरचा, तो उजव्या टोकाला पहिला. तोच नमस्काराचा हुकूम देतो आणि बाकी सगळे वाकतात. बाप कोण, घर कुठलं, ड्रेस नवा की मापाला दाबून घेतलेला, कोणी विचारत नाही. यंदाच्या परीक्षेत ग्रीन बेल्ट एकटीलाच मिळाला. सम्यकाला. वहिनींची ओवी यलोवर होती. चांगली पोरगी आहे, तिची काही तक्रार नाही.

वहिनी म्हणजे कोण, तर त्यांच्या घरानं क्लासला मॅट दिल्या. सगळे त्यांना वहिनीच म्हणतात, सरसुद्धा. बेल्ट द्यायच्या कार्यक्रमाला पाहुणेही त्यांच्याच नात्यातले. फोटो पेपरला जाणार होता. आणि फोटोत पहिली माझी नात येणार होती.

म्हणून ती मावशीची गोड हाक.

मी सम्यकाला मागं नेलं तेव्हा सरांनी बघितलं. खाली मान घालून स्वतःचा बेल्ट सोडला आणि पुन्हा बांधला. मी खुर्चीवर येऊन बसले. समोर बघितलं. ओवी पहिल्या जागेवर उभी होती आणि कुठं बघावं ते तिला कळत नव्हतं. मागच्या टोकाला सम्यका. तिच्या ड्रेसला मी सकाळी खळ घालून इस्त्री केली होती. त्या कडक पांढऱ्या बाहीवर माझ्या बोटांच्या चुण्या पडल्या होत्या. चार. आणि ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

दोन वर्षांत वर आलेली मान. मी एका मिनिटात खाली घातली.

त्या चार चुण्या मी ओळखल्या. कुठं पाहिल्या होत्या ते सांगते.

आमचं गाव धुळे जिल्ह्यातलं. मी चौथीत होते. सव्वीस जानेवारीची प्रभातफेरी. कवायतीत माझा पाय सगळ्यांत नीट पडायचा, म्हणून गुरुजींनी झेंडा माझ्या हातात दिला आणि मला सगळ्यांपुढं उभं केलं. मी किती ताठ उभी होते. फेरी निघणार, तेवढ्यात ज्यांच्या शेतात माय निंदायला जायची, त्या घरची मालकीण ओट्यावरून म्हणाली, गावात पोरी संपल्या का हो गुरुजी? गुरुजी चष्मा पुसायला लागले. गर्दीतून माझी माय आली. तिनं माझा दंड धरला. मालकिणीच्या पोरीकडे बोट करून म्हणाली, "मांगे सरक व माय. तेसनी पोर शे ती."

झेंडा माझ्या हातातून काढून मालकिणीच्या पोरीला दिला. तोही मायनंच दिला. मी सगळ्यांत शेवटी चालले. दंडावर चार बोटं उमटली होती, संध्याकाळपर्यंत होती. त्या वर्षानंतर मी शाळेत गेले नाही. घरात कोणी विचारलंही नाही.

माय भित्री नव्हती. एकदा शेतात निघालेला साप तिनं विळ्यानं मारलेला मी पाहिलाय. पण दुसऱ्या दिवशी तिला त्याच शेतात निंदायला जायचं होतं. तिला वाटलं, ती मला वाचवतेय. मला तरी कोणाच्या शेतात जायचं होतं? पोटाला आहे, पक्कं घर आहे, मुलगा कमावता आहे. वहिनी माझं काही करू शकल्या नसत्या. तरी मी उठले. कोणी ढकललं नाही, कोणी ओरडलं नाही. नुसतं मावशी म्हटलं आणि माझ्या हाताला मायचा हात आठवला.

मी पुन्हा उठले. या वेळी चपला काढायलाही थांबले नाही. सगळे बघत होते, पाहुणे माईकपाशी उभे होते. मी सम्यकाजवळ गेले. दंड धरला नाही. नुसतं म्हटलं, "चल, तुझ्या जागेवर जा." तिनं माझ्याकडे बघितलं, एकदा खात्री केली आणि चालायला लागली. ओवी तर ती यायच्या आधीच बाजूला झाली होती.

वहिनी उठून आल्या. आता हसत नव्हत्या. म्हणाल्या, "फार चढवून ठेवलंय पोरीला."

मी म्हटलं, "राखलेली जागा आमच्या बापानं भांडून मिळवलीय, वहिनी. आणि ही जागा या पोरीनं पडून पडून मिळवलीय. दोन्हींतली एकही सोडणार नाही."

माझा आवाज कापत होता. कापू दे म्हटलं. सम्यकानं हुकूम दिला. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. तिनं श्वास घेतला, पाय रोवला आणि पुन्हा दिला. सगळी ओळ वाकली. ओवीसुद्धा.

आता गोड शेवट सांगेन असं वाटलं असेल. तसं काही नाही. आठ दिवसांत मॅट धुवायला म्हणून नेल्या, त्या परत आल्या नाहीत. मग सभागृहही मिळेना. निम्मी पोरं गळाली. ओवी पुन्हा दिसली नाही, तिचं मला वाईट वाटतं. सर एका दुपारी घरी आले. कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, "मी चुकनू, अक्का. बोलायला पाहिजे होतं." मी म्हटलं, हो, पाहिजे होतं. जाऊ द्या म्हटलं नाही. जाऊ द्या म्हणून म्हणूनच तर इथवर आलो. पण क्लास त्यांनी सोडला नाही. आता उघड्या मैदानात होतो. पोरं मातीत पडतात, गुडघे सोलतात, उठतात.

मला एकच गोष्ट टोचत होती. त्या दिवशी घरी आल्यावर सम्यकाचा ड्रेस भिजत घालताना विचारलं, तुला तर डाव येत होता, दंड सोडवायचा. मी ओढत नेत होते तेव्हा का नाही सोडवलास?

ती म्हणाली, "तुझा हात होता ना, आजी."

बस. इथंच तर सगळं आहे. परक्याचा हात पोरं झटकतीलच. सर शिकवतील ते. पण आपल्याला मागं ओढणारा हात बहुतेक वेळा आपल्याच माणसाचा असतो. मायेचा असतो, भ्यालेला असतो. तो झटकायला कोणी शिकवलेलं नसतं. मला नव्हतं शिकवलं. मायलाही नव्हतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी, क्लास असो नसो, मी अंगणात उभी राहते आणि नातीचा दंड धरते. चार बोटं रुतवून. तिनं सोडवायचा. पहिले काही दिवस तिनं हळूच केलं, माझं मनगट दुखेल म्हणून. मी म्हटलं, असं नाही चालायचं. दुखू दे. परवा तिनं असा झटका दिला की मी भिंतीला जाऊन टेकले. ती धावत आली, लागलं का म्हणून.

मी म्हटलं, लागलं. आता पुन्हा.

आणि आधीपेक्षा घट्ट धरला.