बाथरूममधला जप

काकूंच्या संसारात एकच उणीव होती: काका देवाचं नाव घेत नसत. जन्म चष्म्याच्या दुकानात गेला, पण देवाकडे त्यांनी चष्मा लावूनही कधी बघितलं नाही, असं काकू म्हणत.

त्यामुळे काकांच्या आंघोळीच्या वेळी बाथरूममधून संथ, गंभीर पुटपुट ऐकू यायला लागली, तेव्हा काकूंच्या हातातलं पूजेचं फूल हातातच राहिलं. उशिरा का होईना, नवरा जपाला लागला होता. विचारलं तर लाजून सोडून देतील, म्हणून त्या गप्प राहिल्या. गप्प म्हणजे, फक्त नणंदेला सांगितलं.

"हल्ली गरम पाणी अर्ध्या बादलीतच संपतं," काका बाहेर येऊन कुरकुरले.

"मन रमलं की वेळ कळत नाही."

"आंघोळीत मन कशाला रमवायचं?"

"बरं बरं, मी विचारत नाही."

"आणि पाणी लालसर येतंय. गीझरवाल्याला बोलावू का?"

"टॉवेलचा रंग जात असेल. गीझरवाला सध्या नको, उगाच व्यत्यय."

कसला व्यत्यय, ते काकांना कळलं नाही.

रविवारी नणंद भावाचा जप ऐकायला मुद्दाम आली. दोघी दाराला कान लावून उभ्या राहिल्या.

"आवाज अगदी बाबांचा," नणंद डोळे पुसत म्हणाली. "आणि किती खालच्या पट्टीत लावलाय."

"कुणी?" मागून काकांनी विचारलं. ते गॅलरीतून टॉवेल आणायला गेले होते.

आत जप चालूच होता.

गीझरवाल्याने टाकी उघडली, तर तळाशी क्षारांचा बोटभर थर. "याच्याखाली पाणी अडकून उकळतं, म्हणून गुरगुरतो. लाल पाणी गंजाचं. टाकीऐवजी स्वतः गंजायला आत एक रॉड असतो, तो पार झिजलाय. बदलतो. वर्षातून एकदा साफ करून घेत जा." मग त्याने विचारलं, "आवाज आला तेव्हाच का नाही बोलावलंत?"

काकूंनी नणंदेकडे पाहिलं. नणंदेने छताकडे.

दुसऱ्या दिवशी गीझर गप्प. काकूही गप्प. नव्हता तेव्हा नव्हता, पण मिळालेला जप गेला, हे त्यांना फार लागलं होतं. भांडी जरा जास्तच वाजत होती.

"अगं, ऐकतेस का?" काकांनी बाथरूममधून हाक मारली. "मला एक ओळही येत नाही. तू बाहेरून सांग, मी म्हणतो."

काकू हात पुसत दाराशी आल्या. एक ओळ सांगितली. आतून ती मोडूनतोडून परत आली. दुसरीची अवस्था त्याहून वाईट.

"अहो, शब्द खाऊ नका," काकू म्हणाल्या. "गीझरचे उच्चार तुमच्यापेक्षा बरे होते."