मेलबर्नमधली मागची खोली

ऑस्ट्रेलियाचा शेअर बाजार आपल्याकडे पहाटेच उघडतो. त्यामुळे परळच्या आमच्या चाळीत नळाला पाणी येतं तेव्हा माझा नवरा गॅलरीत मोबाइल धरून बसलेला असतो. शेजारणींना वाटतं, हा ध्यान करतो. वाटू दे.

आमची उमेदीची वर्षं मेलबर्नमध्ये गेली. तो पावाच्या कारखान्यात होता, मी वृद्धाश्रमात. मग इकडे सासूबाई अंथरुणाला खिळल्या. एकुलता एक मुलगा म्हणून हा परत आला, म्हणजे मीही आले. मला कोणी विचारलं नव्हतं. तिकडे मालक पगाराबरोबर तुमच्या म्हातारपणाच्या फंडात पैसे भरतो आणि फंडवाले ते बाजारात गुंतवतात. आम्ही तिकडचे नागरिक झालेलो, त्यामुळे देश सोडला तरी साठीपर्यंत त्यातली दमडी हाती येत नाही.

मुलगी तिकडेच राहिली. तिने कर्ज काढून घर घेतलं, त्याच्या मागे अंगणात एक सुटी खोली. ठरलं होतं असं, की नवऱ्याला साठीला फंड मिळाला की तिच्या कर्जाचा मोठा भाग फेडायचा आणि ती खोली आमची. सासूबाईंना सांभाळायला तोवर निवृत्त झालेली नणंद येणार होती. त्या खोलीच्या आशेवर मी इथले दिवस ढकलत होते, खोटं कशाला बोलू? मध्येच तिकडे व्याजदर वाढले, मुलीचा हप्ता फुगला. तरी ती म्हणाली, "आई, बाबांच्या साठीपर्यंत ओढते मी."

मग बाजार पडला. नवऱ्याने फंडाच्या ऑफिसात फोन केला. तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, थांबा, सावरेल. दुसऱ्या कुणाला धीर आला असता. पण माझे सासरे गिरणीत विणकर होते. संपात आणि संपानंतरही त्यांना सगळ्यांनी हेच सांगितलं, थांबा, गिरणी सुरू होईल, देणी मिळतील. ते मरेपर्यंत थांबले. ज्यांनी मिळेल ते घेऊन काढता पाय घेतला, त्यांचं निदान गावाकडचं घर तरी झालं. आमच्या घरात थांबणं म्हणजे बुडणं.

सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "तुझ्या बापाशीक पण ह्याच सांगलेल्यानी. काढ ते पैशे."

"अहो, हा बाजार आहे, गिरणी नाही," मी म्हटलं. माझं कोण ऐकतो? फंडाबाहेर पैसे काढता येत नव्हते, म्हणून त्याने सगळी रक्कम शेअरमधून काढून फंडातल्याच ठेवीत टाकली, बाजार अगदी तळाला असताना. त्या रात्री गडी घोरत झोपला.

बाजार सावरला. नुसता सावरला नाही, पहिल्यापेक्षा वर गेला आणि आमचे पैसे तिथेच बसून राहिले. आता चढ्या भावाने परत शिरायचं कसं, या विचारात महिने गेले. पुढे व्याजदर उतरले, तशी ठेवीवरची कमाईही आटली. आता तो रोज पहाटे बाजार पुन्हा कोसळायची वाट बघतो. एका अख्ख्या देशाचं वाईट व्हावं म्हणून माझा नवरा देवासमोर उदबत्ती लावतो. मला त्याची चीड येते, आणि तरी त्याचा चहा मीच गॅलरीत नेऊन देते.

परवा मुलीचा फोन आला. हप्ता थोडा उतरला तरी घरखर्चाचा मेळ बसत नव्हता आणि आमच्या फंडातून आता फार काही फिटणार नाही हे तिलाही कळलं होतं. मागच्या खोलीला एक भाडेकरू तयार होता. "आई, तू सांगशील तसं करते."

नवरा सासूबाईंच्या पायांना तेल लावत होता. त्याने मान वर केली नाही. कर्ज फिटेपर्यंत तिला ते भाडं लागणार, आणि कर्ज फिटायला आमचं उरलेलं आयुष्य पुरणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, "दे भाड्याने."

ती म्हणाली, "तुमच्यासाठी तिथल्या बाथरूममध्ये भिंतीला दांड्या बसवल्यात गं, धरून उठायला. भाडेकरू तरुण आहे. त्याला त्या नकोत."

इतकी वर्षं मी परक्या म्हाताऱ्यांना तशा दांड्या धरून उठायला शिकवलं.

"काढून टाक," मी म्हटलं.