जमनाची हजेरी

"मागच्या रांगेतली. हो, तूच. उभी राहा. आत्ता काय म्हणालीस ते परत म्हण."

सर माईकवर बोलत होते. मी माईकशिवाय. सभागृह गच्च भरलेलं. जागा नाही म्हणून मुलं पायऱ्यांवर बसलेली. सगळ्या विभागांचा मिळून एक पेपर होता, संशोधन पद्धती, आणि तो या सभागृहात एकत्र शिकवायचे. मागे बसलं की अर्धं ऐकू यायचं नाही. त्या दिवशी नमुना निवड चालली होती. मला कळेना. मी हात वर केला होता. घाईत तोंडातून घरची भाषा निघाली.

मी उभी राहिले. परत म्हणाले, "सर, माले समजनं नही. परत सांगशात का?"

सरांनी माईक ओठांजवळ नेला. माझ्यासारखाच सूर काढला.

"माले समजनं नही. ऐकलंत? आता मालेबी समजनं नही, हिला इथं कोणी पाठवनं."

सभागृह हसलं. हसणं पुढून सुरू झालं आणि लाटेसारखं मागे आलं. माझ्या शेजारची मुलंही हसली. त्यांच्यातल्या कितीकांच्या घरी हीच भाषा होती.

"नंबर काय तुझा?"

मी नाव सांगितलं.

"नाव नाही विचारलं. नंबर."

मी नंबर सांगितला. सरांनी ऐकलाही नसेल. ते पुढच्या मुद्द्याकडे गेले होते. मला 'बस' म्हणायचं राहिलं. मी तशीच उभी. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग कोणीतरी माझी ओढणी धरून मला खाली ओढलं. सावळी, बारीक मुलगी. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तास संपेपर्यंत काढला नाही.

ती जमना.

विद्यापीठाचं नाव मी लिहीत नाही. मोठं आहे. सरकारी आहे. खानदेशातली निम्मी पोरं तिथं जायची स्वप्नं बघतात, मीही बघितली. माझं गाव धुळे जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. बाप दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो, माय कापूस वेचायला जाते. पदवी मी धुळ्याला, देवपुरातल्या एका लहानशा कॉलेजात केली. कॉलेज कसलं, एका इमारतीचे दोन मजले. पण तिथल्या मॅडमना माहीत होतं मी कुठून येते. एसटी चुकली की त्या विचारायच्या, "आज गाडी आली नाही का गं?" त्यांनीच मला सांगितलं, आता मोठ्या ठिकाणी जा. इथं तुझी वाढ खुंटेल.

मी निघाले तेव्हा माय म्हणाली, "तठे बठ्ठा शिकेल लोके शेतस. तुले कोन हसी?"

तिथं सगळे शिकलेले, मला हसणार कोण, असं तिला वाटत होतं. तो हसण्याचा प्रकार मी मायला सांगितला नाही. अजून नाही.

पहिले काही दिवस मी भारावून गेले होते, हे खरं आहे. रुंद रस्ते. झाडं. ग्रंथालयात इतकी पुस्तकं की मी नुसती कपाटांमधून फिरायचे. मग हळूहळू कळलं की ही जागा आपल्याला आत घेते, पण बघत नाही. कुठेही जा, एकच वाक्य. वसतिगृहात नळाला पाणी नाही, सांगायला गेलं तर: एवढ्या मोठ्या ठिकाणी कोणाकोणाकडे बघायचं? सरांना भेटायचं तर: एवढी मुलं, कोणाकोणाला भेटायचं? आधी मलाही ते पटायचं. खरंच की, एवढी गर्दी, माणूस तरी काय करणार.

मग मी पहिली रांग बघायला लागले. तिथं प्राध्यापकांची मुलं बसायची, डॉक्टरांची, बागायतदारांची. सर आत आले की त्यांच्यापाशी थांबायचे. "काय रे, बाबांची तब्येत कशी आहे आता?" "अगं, तुझा निबंध वाचला, छान आहे." नावानिशी. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी हललं. गर्दी सगळ्यांना नव्हती. गर्दी आमच्यासाठी होती.

जमना रावेर तालुक्यातली, पार वरच्या पाड्यावरची. पावरा आदिवासी. तिच्या पाड्यातून एवढं शिकलेली ती एकटी. घरी पावरी बोलायची, मराठी शाळेत शिकलेली. मी निदान चूक करून हसं करून घेत होते. जमना तोंडच उघडत नव्हती. पण खोलीवर आम्ही दोघी असलो की तिचं बोलणं थांबायचं नाही. त्या हसण्यानंतर मी तिच्या खोलीत राहायला गेले होते. ती मोहाच्या फुलांबद्दल बोलायची. उन्हाळ्यात पहाटे टोपल्या घेऊन बायका जातात, कोणत्या झाडाखाली कोणी वेचायचं हे ठरलेलं असतं, त्यावरून भांडणं कशी होतात आणि म्हाताऱ्या बायका ती कशी मिटवतात. तिला प्रकल्पासाठी हाच विषय घ्यायचा होता. वेचणाऱ्या बायका.

त्यासाठी ती विभागात गेली. सर आत होते. ती बाहेर पायऱ्यांवर बसली, चपला काढून. सवयच तशी. तेव्हा इमारतीच्या मागे बांधकाम चालू होतं. शिपाई आला आणि म्हणाला, "ए बाई, कामावरच्यांनी इथं बसायचं नाही. मागून जा."

ती म्हणाली, "मी विद्यार्थिनी आहे."

तो म्हणाला, "हो का? बरं." आणि हसत आत गेला.

सर भेटले ते दाराकडे जाता जाता. विषय ऐकून म्हणाले, "हे असलं कोण वाचतं? ऑफिसात तयार विषय आहेत, त्यातला एक घे." तिचं नाव त्यांनी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी जमनाने मला शिपायाची नक्कल करून दाखवली. आम्ही खूप हसलो. त्यानंतर तिने ती नक्कल कधी केली नाही.

ती तासाला येईनाशी झाली. एका सकाळी उठले तर ती पिशवी भरत होती.

मी म्हटलं, "एक सत्र काढ. मी आहे ना."

"तू आहेस," ती म्हणाली. "पण तू पण इथं नाहीसच. आपण दोघी नाही."

"असं काय बोलतेस?"

"मी आजारी पडले, चार तास चुकले, कोणी विचारलं? मी मेले तरी इथं कळणार नाही. पाड्यावर एक बकरी हरवली तर सगळे शोधायला निघतात."

मी तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले. सगळ्या रस्त्याने समजावत होते. ती ऐकत होती आणि चालत होती. गाडी आली, ती चढली. खिडकीतून तिने हात केला नाही. रडू आवरत असावी.

पुढच्या तासाला हजेरी सुरू झाली. सर नंबर वाचत होते. जमनाचा नंबर माझ्या पाठोपाठ येत नव्हता, पण मला पाठ होता. तो आला.

"हजर सर!"

मी झटकन मागे वळले. आली? परत आली?

मागे सगळे अनोळखी चेहरे. कोणीतरी मुलगा, मान खाली घालून हसणारा. ही त्यांची गंमत होती, रिकामा गेलेला नंबर पकडून ओरडायचं. आणि आवाज मुलाचा आहे, नंबर मुलीचा, हे सरांच्या लक्षात आलं नाही. येणार कसं? खूण करून ते पुढे गेले.

पुढच्या आठवड्यातही तेच. त्याच्या पुढच्याही. सर नंबर वाचायचे, कोणीतरी ओरडायचं, जमना हजर व्हायची. वाटायचं, तिचं भूत करून ठेवलंय यांनी. जिवंत पोरीचं.

एका रविवारी मी रावेरची गाडी पकडली. नशिराबाद गेलं, भुसावळ गेलं, मग दोन्ही बाजूंना केळीच केळी. जमना रावेरबाहेरच्या एका शेडमध्ये कामाला होती. केळीचे घड कापून फण्या पाण्याच्या टाकीत टाकायच्या, धुवायच्या, खोक्यात भरायच्या. बाहेर ट्रक उभा. तिचे हात केळीच्या चिकाने काळे पडले होते. मला बघून ती टाकीपाशीच थबकली. मग आली आणि मला घट्ट धरलं, काळे तळवे न लावता, माझे कपडे खराब होऊ नयेत म्हणून.

आम्ही झाडाखाली बसलो. तिने इकडचं तिकडचं विचारलं. मग नजर खाली करून म्हणाली, "माझं कोणी विचारलं का?"

खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले.

"तुझा नंबर घेतात. कोणीतरी हजर म्हणतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तू रोज हजर आहेस."

ती हसली. खूप मोठ्याने. शेडमधल्या बायका बघायला लागल्या. मग तिचं तोंड वाकडं झालं.

"मी होते तेव्हा दिसले नाही," ती म्हणाली. "आता नाही तर हजर आहे."



उठताना ती म्हणाली, "त्यांना सांग. मी गेले म्हणून सांग. एवढं तरी खरं असू दे."

परतीच्या गाडीत मला भीती वाटत होती. राग नंतर आला.

तास सुरू झाला. नंबर सुरू झाले. जमनाचा नंबर आला. मागून आवाज आला, "हजर सर!"

मी उभी राहिले.

"सर, ती आठे नही शे."

जी भाषा त्या दिवसानंतर सभागृहात तोंडातून काढली नव्हती तीच निघाली. यावेळी घाईत नाही. मला तीच हवी होती.

सर थांबले. "काय?"

"ती नही शे. ती घर चालनी गयी. कव्हयनी. तुम्ही रोज तिनी हजेरी लावतस."

कोणीतरी खिदळलं. मी त्या बाजूला बघितलं. ते थांबलं. सगळं सभागृह हसलं नाही. काही हसले, बरेच नाही.

"तुझा नंबर काय?" सर माईकवर.

"नंबर नाही सांगणार," मी म्हटलं, आता प्रमाण मराठीत, त्यांना नीट कळावं म्हणून. "माझं नाव सांगते. तिचंही सांगते. तिचं नाव जमना." आणि मी माझं पूर्ण नाव सांगितलं. मायचं नाव लावून.

"बाहेर जा."

"नाही जाणार. मी शिकायला आलेय."

सरांनी माईक टेबलावर ठेवला. तेच बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख मॅडमनी बोलावलं. सर शेजारीच बसलेले. मॅडम गोड बोलल्या. "सरांची माफी माग, विषय संपला."

"कशाची माफी?"

"भर वर्गात बोललीस त्याची."

"सर मला भर वर्गातच बोलले होते, मॅडम."

मॅडमनी सरांकडे बघितलं. सरांनी खिडकीकडे. मला वाटतं, त्यांना तो दिवस आठवतही नव्हता. माझं वर्षभराचं गप्प बसणं त्यांच्यासाठी एक विनोद होता, सांगून विसरलेला.

"अगं, एवढं मोठं विद्यापीठ," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांकडे कसं बघणार?"

"मग बघू नका. पण नाही त्याला आहे म्हणू नका."

मी माफी मागितली नाही. धमकी मिळाली, पुढे काही झालं नाही. सरांच्या हातातले गुण मात्र मला काठावरचे मिळाले. आणि त्याच आठवड्यात जमनाचं नाव कापलं गेलं. जी वर्षभर कोणाला दिसली नव्हती, ती कापायला मात्र लगेच सापडली. माझ्या बोलण्याने एवढंच घडलं. मी तिला फोन केला, सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं." ती परत आली नाही. मी बोलावलं, दोनदा-तीनदा. येणार नाही म्हणाली. तिच्या जागी मी असते तर मीही आले नसते.

मी मात्र आहे. या वर्षी नव्या मुली आल्यात. चोपड्याच्या, साक्रीच्या, वरच्या पाड्यांवरच्या. मी वसतिगृहाच्या दारात उभी राहते आणि विचारते. नाव काय? गाव कुठलं? खोली कुठली? काही जणी घाबरतात, त्यांना वाटतं ही कोण चौकशी करणारी. एखादी दोन दिवस दिसली नाही की मी तिच्या दारावर थाप मारते. सरांना हे आवडत नाही. मॅडमनी दोनदा समज दिली आहे. देऊ देत.

इथून कोणाला जायचं असेल तर ती जाईल, मी कोणाला बांधून ठेवणार नाही. पण गुपचूप कोणी जाणार नाही. गेली तर सगळ्या इमारतीला कळेल, कोण गेली आणि कोणामुळे गेली. ते मी ओरडून सांगेन. मला हाकलतील त्या दिवशीही सांगेन, फाटकाबाहेर उभी राहून, माझ्या भाषेत.