वासंतीमावशींची पार्सलं

वासंतीमावशी तळमजल्यावर राहायच्या, मी तिसऱ्या मजल्यावर. दोन वर्षांत आमचं बोलणं जिन्यातल्या "काय, बरं ना?"च्या पुढे गेलं नव्हतं. एका मंगळवारी त्या पोहून आल्या आणि ओल्या केसांनीच, पार्सलवाल्यानं माझ्याकडे ठेवलेलं स्वतःचं पार्सल घ्यायला माझ्या दारात उभ्या राहिल्या. सत्तरी ओलांडली तरी रोज सकाळी पोहायला जाणाऱ्या या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नोकरी कधी गेली?"

"नाही हो मावशी, होमऑफिस आहे, घरूनच काम करतो."

"होमऑफिसवाल्याला बेल वाजली की राग येतो. तू आनंदानं दार उघडतोस. या महिन्यातलं माझं हे चौथं पार्सल. वरच्या बाईंचीही तूच घेतोस. आल्झो, तर मग, कधी गेली?"

इथे जर्मनीत, नेकारसुल्म गावाजवळच्या एका छोट्या कंपनीतली माझी नोकरी जाऊन पाच आठवडे झाले होते. ख्रिसमसच्या आत दुसरी मिळाली नाही तर देश सोडावा लागेल, असं परदेशी लोकांच्या कार्यालयाचं पत्र फ्रीजवर लावलेलं होतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, सांगलीला बाबांनाही नाही. दिवसभरात माझ्याशी बोलणारा माणूस म्हणजे पार्सलवाला. आनंदानं दार उघडत असणारच मी.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहाला मावशींच्या स्वयंपाकघरात माझी हजेरी सुरू झाली. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचं, ही अट. टेबलावर त्यांचं जुनं, लोखंडी पंचिंग मशीन असे. मला आलेला प्रत्येक नकार त्या छापून आणायला लावायच्या, त्याला भोकं पाडायला लावायच्या आणि फाइलला लावून टाकायच्या. "टेबलावर पडलेला नकार माणसाकडे बघत बसतो," त्या म्हणायच्या. "फाइलमध्ये गेला की गप्प होतो." मग त्याच कंपनीला फोन करून काय कमी पडलं ते विचारायचं. पहिल्या फोनला मला घाम फुटला. चौथ्या फोनपर्यंत माझं जर्मन सुधारलं. फोन झाल्यावर इथल्या काळ्या पावाच्या पिठाचं थालीपीठ मिळे. ते दगडासारखं व्हायचं, पण आवडीनं खायचो मी.

सप्टेंबरात मावशी मला स्टुटगार्टच्या गणपतीला ओढून घेऊन गेल्या. तिथे साठे नावाच्या एका गृहस्थांची ओळख झाली. उंटरश्लाइसहाइम नावाच्या दूरच्या गावी कुठल्याशा कंपनीत बॅटऱ्यांच्या चाचण्यांचा विभाग सांभाळत होते. माझंही काम तेच, म्हणून गप्पा रंगल्या. "मग, सध्या कसं चाललंय?" त्यांनी विचारलं.

"एकदम मस्त! कामातून डोकं वर काढायला वेळ नाही," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. आपल्या माणसांत उभं राहिलं की माझी जीभ आपोआप तशीच वळते.

"छान," साठे म्हणाले. "नाहीतर आमच्याकडे एक जागा होती, तुम्हालाच विचारलं असतं."

मावशी प्रसादाची वाटी हातात धरून शेजारीच उभ्या होत्या. परतीच्या गाडीत त्या माझ्या समोर बसल्या. मग म्हणाल्या, "नोकरी गेली हे कंपनीला ठाऊक, सरकारला ठाऊक, पार्सलवाल्यालाही ठाऊक. ज्यांना मदत करता येईल त्यांनाच तेवढं ठाऊक नाही. शहाणाच आहेस. साठ्यांचा नंबर घेतलाय मी."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोरच फोन लावला. "साठेसाहेब, काल मी तुमच्याशी खोटं बोललो." पलीकडे मोठ्यानं हसणं. "अहो, बायोडेटा पाठवा आधी!"

मी फोन ठेवला तेव्हा मावशी तव्यावर थालीपीठ थापत होत्या. पाठ माझ्याकडेच ठेवून त्यांनी स्वतःचं सांगितलं. त्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होत्या, यंत्रांचे नकाशे काढायच्या आणि अमोनियाच्या वाफेवर त्यांच्या प्रिंट काढायच्या. पन्नाशीत असताना तो कारखाना बंद पडला. चार महिने त्या रोज डबा घेऊन घराबाहेर पडत होत्या. शेवटी एकदा धीर करून नवऱ्याला सांगितलं, तर ते म्हणाले, "मला पहिल्याच आठवड्यात कळलं. तुझ्या कोटाला प्रिंटच्या अमोनियाचा वास येईनासा झाला."

"चार महिने आम्ही दोघं एकमेकांची लाज सांभाळत बसलो," मावशी म्हणाल्या. "केवढा वेळ वाया गेला रे. आता बाबांना फोन कर."

"नोकरी लागल्यावर करतो ना. आत्ता ते सांगलीहून काय करणार?"

"काळजी करतील. तो त्यांचा हक्क आहे."

मी फोन केला. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "अरे, दोन महिने तू भर दुपारी माझा फोन पहिल्या रिंगला उचलतोयस. तू सांगशील म्हणून थांबलो होतो." मला रडू आलं. मावशींनी थालीपिठाची ताटली पुढे सरकवली आणि त्या कपडे वाळत घालायला निघून गेल्या.

साठ्यांच्या कंपनीत तीन मुलाखती झाल्या आणि नोकरी मिळाली. सामान बांधून उंटरश्लाइसहाइमला निघालो तेव्हा मावशींनी फक्त नवा पत्ता नीट लिहून घेतला. त्यांच्यासाठी मी गहिवरलेलं भाषण तयार केलं होतं, ते पोटातच राहिलं.

कामाचा तिसरा की चौथा दिवस असेल. संध्याकाळी घरी आलो तर टपालपेटीत चिठ्ठी होती, तुमचं पार्सल शेजाऱ्याकडे ठेवलं आहे. ते आणून उघडलं. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लोखंडी पंचिंग मशीन होतं. मी लगेच मावशींना फोन लावला.

"पोचलं का?" त्यांनी विचारलं. "घेतलं कुणी?"

"शेजाऱ्यानं, मावशी. मी ऑफिसात होतो."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मावशी म्हणाल्या. "तेवढंच बघायचं होतं."