दीडपट वेगाने पाहिलेला जर्मन दिग्दर्शक

मुलीने कॉम्प्युटर सोडून ॲन आर्बरच्या विद्यापीठात सिनेमाचा अभ्यास धरला आणि आमचं फोनवरचं बोलणं हवापाण्यावर येऊन ठेपलं. तिचा प्रबंध एका जर्मन दिग्दर्शकावर होता. निदान बोलायला विषय मिळेल म्हणून मी त्याची सगळी कारकीर्द पाहून काढली. तरुणपणीचे रागीट कृष्णधवल सिनेमे, मधले अमेरिकेत काढलेले आणि म्हातारपणीचे जवळजवळ मुके.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ती घरी आल्यावर मी सहज म्हणालो, "शेवटचा सिनेमा जरा धावपळीचा वाटला."

"बाबा, त्यात एक बाई नुसती बसची वाट बघते."

"हो, पण बस लगेच येते आणि तिची चुकते."

"लगेच? तुम्ही बघितलात कसा?"

"दीडपट वेगाने. ऑफिसचे ट्रेनिंग व्हिडिओ बघतो तसा."

बायको हसली, मुलगी नाही. तिने लॅपटॉप आणला, वेग नेहमीचा केला आणि शेजारी बसली. बस यायला फारच वेळ लागला. मी चुळबुळ केली, ती तिने पाहिली.

"अगं, हिची बस चुकत नाही," मी म्हणालो. "ही मुद्दाम सोडते."

"माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण त्यावरच आहे," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच मला ते सांगू लागली.