फोनच्या बूथमधला मुलगा

हिवाळ्यात हीटर पहिल्यांदा लावला की जळक्या धुळीचा वास येतो आणि मला परदेशात शिकत असतानाचा रिकार्टनमधला आमचा ओलसर फ्लॅट आठवतो. माझा फ्लॅटमेट उत्तर चीनमधल्या कारखान्यांच्या एका शहरातून शिकायला आला होता. मी दिवसभर लायब्ररीत असायचो. तोही लेक्चरना जात असेल, असं मी धरून चाललो होतो. एका रविवारी दुपारी त्याने मित्राने पाठवलेली सीडी लावली. तिकडे थेटरात लागू न दिलेला, हातातल्या कॅमेऱ्याने काढलेला सिनेमा होता: बेकार पोरं, अर्धवट पाडलेल्या इमारती, दिवसभर नुसतं भटकणं. सबटायटल्स नव्हती, म्हणून तो मध्येमध्ये थांबवून मला इंग्रजीत अर्थ सांगायचा. शेवटाकडे नायक फोनच्या बूथमधून आईशी बोलतो. "काय म्हणतोय?" मी विचारलं. पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "म्हणतोय, आई, मी कॉलेज केव्हाच सोडलंय. घरी यायला तोंड नाही. सकाळी उठायचं कशासाठी, तेच कळत नाही." "फारच रडका आहे रे तुझा हिरो," मी म्हणालो. तो हसला आणि पुढचं काही सांगेनासा झाला. त्याच महिन्यात त्याने आपला जीव संपवला. परवा तो सिनेमा मला सबटायटल्ससह सापडला. बूथमधला मुलगा आईला एवढंच सांगतो, की मी जेवलोय, इथे थंडी फारशी नाही, तू काळजी करू नकोस.